पत्राच्या बुडाशी

माझ्या साठीला चिरंजीवांनी मला एक सीडी भेट दिली. साठी हा प्रसंग मोठा फसवा. त्या दिवशी लोक तुम्हांला शाल देतात, श्रीफळ देतात, चांदीची निरांजनं देतात (मला सहा मिळाली, त्यांतलं एक आम्हीच पूर्वी कुणाला तरी दिलेलं होतं) आणि जाताना 'आता तब्येतीला जपा' असं अशा काही स्वरात सांगून जातात, की आपण इथवर जगलो ही एक नजरचूकच होती असं वाटावं. या सगळ्या ढिगात ती सीडी पाहून मला एकदम पंचेचाळीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. कारण वेष्टनावर नाव होतं पॉल मॅकार्टनी. बीटल्समधला पॉल!

शेजारी माझी मावशी बसली होती. वय वर्षं चौऱ्यांशी. एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं नको तेवढंच येतं.

"काय दिलं रे मुलानं?"

"गाणी आहेत, मावशी. इंग्रजी."

"नाव काय म्हणे?"

आता आली का पंचाईत! सीडीचं नाव होतं 'किसेस ऑन द बॉटम'. समोर पंचवीस पाहुणे जेवतायत, शांतीला आलेले दोन गुरुजी दक्षिणेची वाट बघतायत, आणि मी मावशीला काय सांगू? 'बुडाशी मुके'? शेवटी धीर करून म्हटलं, "पत्राच्या अगदी खाली जे लिहितात ना, त्याच्याबद्दल आहे."

"म्हणजे ता. क. का?" मावशी म्हणाली आणि जिलबीकडे वळली.

या सीडीवर नंतर मी बरीच परीक्षणं वाचली. मावशीइतकं नेमकं एकही नव्हतं. पण ते कळायला मला बराच वेळ लागला.

आधी नावाचा खुलासा करतो, नाहीतर तुमच्यापैकी काही जण पुस्तक घरात लपवून ठेवतील. १९३५ साली फॅट्स वॉलर नावाच्या एका अवाढव्य आणि अतिशय मिस्किल पियानोवाल्यानं लोकप्रिय केलेलं एक गाणं आहे. त्यातल्या प्रियकराला पत्र येत नाही. वाट बघून बघून तो शेवटी ठरवतो, की आपणच बसावं, आपणच आपल्याला पत्र लिहावं, आणि ते तिच्याकडून आलं असं मानावं. इंग्रजांत पत्राच्या खाली सहीपाशी फुल्या मारायची पद्धत आहे. एक फुली म्हणजे एक मुका. तेव्हा हा गडी आपल्याच पत्राच्या तळाशी आपल्यालाच मुके लिहून पाठवणार. शब्दाचे दोन अर्थ होतात, त्याला तो तरी काय करणार? आणि पॉल मॅकार्टनीनं एकोणसत्तराव्या वर्षी ते नाव मुद्दाम निवडलं, यावरून सीडी कोणत्या मनःस्थितीत काढली हेही कळावं.

हा स्वतःला पत्र लिहिणारा प्रियकर मला पहिल्या भेटीतच आपला वाटला. कारण हा उद्योग मी केलेला आहे. एका साप्ताहिकात माझा लेख आला होता आणि पंधरा दिवस कुणी म्हणजे कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तेव्हा मीच संपादकांना 'एक रसिक वाचक, सातारा' या नावानं पत्र लिहिलं. लेखाची तोंड भरून स्तुती केली आणि पत्र खरं वाटावं म्हणून शेवटी, 'मात्र लेख थोडा लांबला आहे' अशी एक ओळ टाकली. पुढच्या अंकात जागेअभावी फक्त तेवढी एकच ओळ छापून आली.

असो. सीडीबद्दल बोलू.

ती फेब्रुवारी २०१२ मध्ये बाहेर आली. एकूण गाणी चौदा. त्यांतली दोनच पॉलची स्वतःची. बाकीची बारा दुसऱ्यांची, बहुतेक १९२० ते १९५० या काळातली. अर्व्हिंग बर्लिन, हॅरल्ड आर्लेन, जॉनी मर्सर, फ्रँक लेसर अशी ती गाणी करणाऱ्यांची नावं. ही बीटल्सच्याही आधीची पिढी. किंबहुना बीटल्स आल्यावर जिचं दुकान बसलं ती पिढी. पियानोला डायना क्रॉल ही जॅझमधली नामांकित गायिका-वादक. दोन गाण्यांत गिटारला एरिक क्लॅप्टन आणि एकात माउथ ऑर्गनला स्टीव्ही वंडर. निर्माता टॉमी लिपूमा. आणि बरंचसं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या कॅपिटल स्टुडिओत, जिथे पूर्वी नॅट किंग कोल आणि सिनात्रा गायले.

आता यात खुद्द पॉल मॅकार्टनी काय करतो? तर गातो. बस्स. एक-दोन ठिकाणी गिटार छेडतो तेवढाच. ज्या माणसाच्या बास गिटारवर निम्म्या जगातली पोरं बिघडली, त्यानं बास दुसऱ्याच्या हाती दिला, पियानो एका बाईकडे सोपवला आणि आपण एकटा मायक्रोफोनपुढे जाऊन उभा राहिला. लग्नघरात कर्ता माणूस सगळी कामं मुलांवर सोपवून नुसता दारात उभा राहतो ना, तसा.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझी साफ निराशा झाली. मी दिवाणखान्याची दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. शेजारी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात, त्यांना त्रास नको म्हणून. पण त्रास व्हायला आवाज तर हवा! यातला ड्रमवाला म्हणजे कुणीतरी शेजारच्या खोलीत तांदूळ पाखडावेत इतक्या हळुवारपणे वाजवतो. आणि पॉल? १९६८ साली 'हेल्टर स्केल्टर' म्हणताना ज्याचा गळा फाटेल अशी काळजी वाटायची, तो कानाशी येऊन कुजबुजतोय. वरचा सूर आला की जिना चढताना आपण कठडा धरतो तसा जरा थबकतो, मग जपून पाऊल टाकतो.

"चांगलंय की हो," आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "आज अगदी डोकं दुखलं नाही."

बीटल्सवाल्याला याहून मोठा अपमान कोणता? मी सीडी कपाटात ठेवून दिली.

इथे मला थोडं मागे जावं लागेल. १९६७ साली मी पंधरा वर्षांचा होतो आणि आम्ही पुण्यात दोन खोल्यांत राहत होतो. माझे वडील, अण्णा, सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर फायली आणि संध्याकाळी पेटी. अण्णांचा आवाज फार मोठा नव्हता, पण सुराचे पक्के. त्यांचं दैवत बालगंधर्व. 'सौभद्र', 'मानापमान', 'स्वयंवर' ही त्यांना नाटकं म्हणून आठवतच नसत, पदं म्हणूनच आठवत. शनिवारी रात्री जेवणं झाली की पेटी निघायची, दोन-चार शेजारी यायचे, आणि ठेका धरायला मी. मला तीनताल येत होता, तोही कसाबसा. आणि माझी लय पळायची. अण्णा गाता गाता माझ्याकडे न बघता म्हणायचे, "पळू नकोस. गाडी चुकत नाहीये." चारचौघं हसायचे. पंधराव्या वर्षी चारचौघं हसले की माणूस क्रांतिकारक होतो.

त्याच जुलै महिन्यात माझ्या एका मित्राचे मामा लंडनहून आले आणि येताना बीटल्सची नुकतीच निघालेली तबकडी घेऊन आले. 'सार्जंट पेपर'. मुखपृष्ठावर ते चौघं आपल्याकडच्या वरातीतल्या बँडवाल्यांसारखे रंगीबेरंगी कोट घालून उभे. ती तबकडी मी मित्राच्या घरी रोज ऐकत होतो. इंग्रजी निम्मं कळत नव्हतं. पण जे कळत नव्हतं त्यातच खरं काय ते आहे, अशी माझी खात्री होती.

आणि १५ जुलैला बालगंधर्व गेले.

त्या दिवशी अण्णा कचेरीतून आले ते बोललेच नाहीत. जेवलेही नाहीत. रात्री त्यांनी पेटी काढली. कुणी शेजारी नाही, काही नाही. मला म्हणाले, "बस जरा." मला मित्राकडे जायचं होतं. मी म्हटलं, "अण्णा, ही मेलेल्यांची गाणी आहेत. तुम्हीच बसा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं "बरं" म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला ठेका धरायला कधीही बोलावलं नाही. शेजारचा एक मुलगा यायला लागला. त्याची लय पळत नसे.

आता पुन्हा पॉलकडे येतो. सीडी वर्षभर कपाटात पडून होती. २०१३ च्या फेब्रुवारीत तिला ग्रॅमी मिळाल्याची बातमी वाचली. पारंपरिक पॉप गायनाचं पारितोषिक. आपल्याकडेही असंच असतं. आपण रद्दीत घालायला काढलेल्या पुस्तकाला अकादमीचं पारितोषिक मिळालं, की आपण ते हळूच पुन्हा फळीवर नेऊन ठेवतो. मीही सीडी काढली. या वेळी मात्र ऐकायच्या आधी पॉलच्या घरच्यांची थोडी माहिती वाचली, आणि बसलो तो बसलोच.

पॉलचे वडील जिम मॅकार्टनी. जन्म १९०२. लिव्हरपूलला कापसाच्या व्यापारात विक्रेत्याची नोकरी. म्हणजे आपल्यासारखाच पगारदार, महिनाअखेर मोजणारा माणूस. पण तरुणपणी त्यांनी स्वतःची हौशी मंडळी जमवून 'जिम मॅक्स जॅझ बँड' काढला होता. घरात एक पियानो होता. तो ज्या दुकानातून घेतला ते दुकान एप्स्टीन कुटुंबाचं, आणि त्याच घरातला ब्रायन एप्स्टीन पुढे बीटल्सचा व्यवस्थापक झाला. विधात्यालाही कधी कधी नाटक लिहायची हौस येते. जिम पियानो कानानंच शिकलेले. सणासुदीला नातेवाईक जमले, की जिम पियानोवर बसायचे आणि सगळं घर गायचं. काय गायचं? हीच. म्हणजे या सीडीतली आणि हिच्यासारखी गाणी.

१९५६ साली पॉलची आई गेली. पॉल चौदा वर्षांचा, धाकटा भाऊ बारा-तेराचा. त्यानंतर ती दोन मुलं आणि तो पियानो जिमनं सांभाळला. पॉलच्या चौदाव्या वाढदिवसाला त्यांनी त्याला ट्रंपेट दिला होता. तोंडात ट्रंपेट असताना गाता येत नाही हे पॉलच्या लक्षात आलं आणि त्यानं वडिलांना विचारून तो बदलून गिटार आणली. त्या 'विचारून'वर मी बराच वेळ अडलो. नंतर बीटल्सचं एक गाणं वडिलांना वाजवून दाखवलं, तेव्हा जिमची एकच सूचना होती, की त्यात 'हो' हा शब्द अमेरिकन ढंगानं म्हटलाय, तो जरा नीट इंग्रजीत म्हणावा. मुलांनी ती मानली नाही. जगाचं काही बिघडलं नाही. पण सूचना अगदी अण्णांसारखी आहे.

आणि माझी क्रांती ज्या तबकडीवर उभी होती, त्या 'सार्जंट पेपर'मध्ये चौसष्टाव्या वर्षाबद्दलचं एक गाणं आहे. त्याची चाल पॉलनं पोरवयातच, घरच्या पियानोवर बांधली होती. ती चाल सरळसरळ वडिलांच्या काळातली आहे. डिसेंबर १९६६ मध्ये ते ध्वनिमुद्रित झालं, आणि त्याच वर्षी जिमला चौसष्ट वर्षं पूर्ण झाली होती. म्हणजे बघा, ज्या गाण्यांच्या जोरावर मी माझ्या बापाला म्हातारा ठरवत होतो, त्यांतलं एक गाणं बापाच्याच बैठकीतून आलं होतं. मला कुणी सांगितलं असतं तर! पण मित्राच्या मामांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त 'तबकडीवर बोटं लावू नका' एवढंच सांगितलं.

हे सगळं डोक्यात घेऊन सीडी ऐकली, तेव्हा तीच कुजबुज वेगळी वाटली. हा माणूस मैफल मारायला आलेलाच नाही. घरातली मंडळी जमली आहेत, वडील पियानोवर आहेत, आणि पोरानं फार पुढे पुढे न करता आपली ओळ म्हणायची आहे, अशा बेतानं तो गातोय. म्हणून पियानो सोडला. ती जागा त्याच्या लेखी दुसऱ्याची असावी. हा माझा तर्क. पण तो धरून ऐका, सीडी उलगडते.

गंमत म्हणजे ही वाट नवीन नाही. रॉड स्ट्युअर्टनं २००२ पासून २०१० पर्यंत जुन्या अमेरिकन गाण्यांच्या अशा पाच सीड्या काढल्या. त्या मी ऐकल्या आहेत. उत्तम शिवलेला सूट भाड्यानं आणून घातल्यासारख्या वाटतात. खुद्द बीटल्समधल्या रिंगो स्टारनं तर बीटल्स मोडत होते त्याच वर्षी, १९७० साली, आपल्या घरच्यांना आवडणाऱ्या जुन्या गाण्यांची तबकडी काढली होती, आणि त्यातल्या एका गाण्याची वाद्ययोजना पॉलची होती. म्हणजे ही कल्पना पॉलच्या घरात बेचाळीस वर्षं मुरत होती. मुरांब्याचं आणि हिचं यश एकाच कारणानं आहे.

पण समीक्षा म्हटली की दोषही दाखवले पाहिजेत, नाहीतर 'एक रसिक वाचक, सातारा' वाटायचं. तेव्हा ऐका. चौदापैकी निदान आठ गाणी एकाच लयीत आहेत. विलंबित, अतिविलंबित आणि 'झोपलात का?' असे तीनच वेग. १९२६ सालचं 'बाय बाय ब्लॅकबर्ड' हे खरं चालतं-फिरतं गाणं. इथे ते इतकं संथ केलंय, की पक्षी निरोप घेऊन उडाला तरी गाणं अजून दारातच. 'गेट युवरसेल्फ अनदर फूल'मध्ये फसवल्या गेलेल्या माणसाचा संताप आहे. सॅम कुकनं १९६३ साली ते गायलंय ते ऐकलं की पोटात कालवतं. पॉल ते म्हणतो तेव्हा क्लॅप्टनची गिटार रडते, पण पॉल मात्र 'काही हरकत नाही, पुन्हा या' असं म्हणत चहा विचारेल असं वाटतं. हा माणूस मुळात सभ्य आहे, त्याला चिडता येत नाही, आणि वादकही सगळे इतके सभ्य आहेत, की कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाही. बैठकीत एखादा तरी आगाऊ माणूस लागतोच.

आता गुण. फॅट्स वॉलरचंच आणखी एक गाणं आहे, दूधवाल्याचं. त्यातला दूधवाला प्रियकराला सुचवतो, की तुम्ही दोघं एकदाचं लग्नच का करत नाही? हे पॉलनं अशा खट्याळपणे म्हटलंय, की त्याचा हसरा चेहरा दिसतो. आमचा दूधवाला गेली तीस वर्षं माझ्याशी बोलतोय, पण बिलापलीकडे त्यानं माझ्या खाजगी आयुष्यात रस घेतलेला नाही. 'वुई थ्री'मध्ये एकटा माणूस आपला प्रतिध्वनी आणि आपली सावली यांना सोबती मानून त्रिकूट जमवतो. तिथे त्याचा थकलेला आवाजच कामाला आला आहे. तिशीतल्या गळ्यानं ते गाणं नाटकी वाटलं असतं. स्वतः रचलेलं 'माय व्हॅलेंटाइन' त्या जुन्यांच्या पंगतीत असं बसलंय, की वाढप्याला ओळखू येऊ नये. ते त्यानं नॅन्सीसाठी लिहिलं. तिच्याशी त्यानं ऑक्टोबर २०११ मध्ये लग्न केलं. हे गाणं साठीनंतर प्रेमात पडणाऱ्यांसाठी आहे. मी ते हिला मुद्दाम ऐकवलं. ही म्हणाली, "कुणाच्या प्रेमात पडलात?"

आणि सगळ्यांत वर 'द इंच वर्म'. फ्रँक लेसरनं १९५२ च्या 'हान्स ख्रिश्चन अँडरसन' या चित्रपटासाठी लिहिलेलं हे गाणं आहे. बागेत एक अळी झेंडूची फुलं मापत चालली आहे. इंचाइंचानं, अगदी चोख. मागे लहान मुलं बेरजा म्हणतायत, आपल्याकडे पाढे म्हणतात तशी. आणि गाणारा त्या अळीला एवढंच सुचवतोय, की बाई, मापं झाली असतील तर थांबून फूलही बघ. पॉलनं ते इतकं साधं म्हटलंय, की मी पेन खाली ठेवलं. हो, मी परीक्षणासाठी कागद-पेन घेऊन बसलो होतो. कोणतं गाणं किती मिनिटांचं, आवाज कुठे चिरकतो, लय कुठे रेंगाळते, सगळं इंचाइंचानं लिहीत होतो. ती अळी कोण हे सांगायला नको.

ही सीडी महान आहे का? नाही. पॉलच्या दहा उत्तम तबकड्यांतही मी ती घालणार नाही. पण महान होण्यासाठी ती काढलेलीच नाही. लांबलचक पत्र लिहून झाल्यावर, सही केल्यावर, पाकीट चिकटवण्याआधी जे आठवतं ते तळाशी लिहावं, तशी ती आहे. सगळं आयुष्य आपण आपल्या कर्तृत्वाचं पत्र लिहितो. वडिलांचं नाव त्यात नेहमी ता. क. मध्येच येतं. मावशी जिलबी खाता खाता हेच म्हणाली होती.

फक्त पॉलचं एका बाबतीत माझ्यासारखं नाही. १९७४ साली तो नॅशव्हिलला गेला होता. तरुणपणी जिमनं पियानोवर जुळवलेली एक धून त्याच्या लक्षात होती. ती त्यानं तिथे चेट ॲटकिन्ससारख्या नामवंत गिटारवाल्याला साथीला घेऊन, 'कंट्री हॅम्स' असं थट्टेचं नाव धारण करून ध्वनिमुद्रित केली आणि वडिलांच्या नावावर तबकडी काढली. जिम १९७६ साली गेले. म्हणजे त्यांना ती ऐकायला मिळाली. २०१२ ची सीडी हा त्यामुळे उशिरा फेडलेला हप्ता नव्हे; मुद्दल त्यानं आधीच चुकतं केलं होतं.

अण्णा १९८४ साली गेले. मधल्या सतरा वर्षांत शनिवार किती झाले याचा हिशेब मी एकदा करायला घेतला आणि सोडून दिला. मी काही दुष्ट नव्हतो. औषधं आणली, रांगा लावल्या, डॉक्टर केले. फक्त ठेका धरायला बसलो नाही. त्यांनी बोलावलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघंही मोठे सभ्य. पेटी माळ्यावर गेली. आणि मी? मला पन्नाशीनंतर दाढी करताना 'मानापमान'मधलं एक पद गुणगुणायची सवय लागली. मला ती माझी मला कळलीही नव्हती. एक दिवस ही बाहेरून म्हणाली, "अगदी मामंजी! फक्त तुम्ही घाई करता."

सीडी दुसऱ्यांदा संपली त्या रात्री मी झोपलो नाही. टेबलाशी बसलो. पहिल्या गाण्यातला तो प्रियकर डोक्यातून जाईना. येणार नाही असं पत्र आपणच लिहायचं. मला त्यातला अनुभव आहेच. अण्णा पोस्टकार्ड लिहीत. मी नोकरीला नागपूरला होतो तेव्हाची सात-आठ अजून आहेत. त्यांची भाषा मला पाठ आहे. एक कोरं पोस्टकार्ड काढलं आणि माझ्याच पत्त्यावर लिहिलं:

'चि. बाळास अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझी इंग्रजी तबकडी ऐकली. मुलगा बरा गातो. आवाज बसला आहे, परंतु सुराला सोडून जात नाही. घरात ऐकलेले दिसते. गाणी जुनी आहेत असे तू लिहितोस. गाणारा जिवंत असेपर्यंत कोणतेही गाणे मेलेले नसते, हे एकदा तुला सांगायचे राहिले. लय संथ आहे ही तुझी तक्रार वाचली. तू पहिल्यापासून पळतोस. सौ.स आशीर्वाद. मावशीस सा. न. सांगणे. कळावे, लोभ आहेच.'

खाली फुल्या काढल्या नाहीत. आमच्यात ती पद्धत नाही. आमच्यात कार्डाच्या कडेनं, उरलेल्या जागेत, आडवं लिहायची पद्धत आहे. तेही लिहिलं:

'ता. क. पेटी माळ्यावर आहे. भाता फाटला असेल, तो नीट करून घेणे. शनिवारच्या आत.'